रेनहिलचा आठवडा: दोर की इंजिन?

माझ्या आजोळी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. मधोमध एक उभी नळी, खाली जाळी, भोवती पाणी. नळीत वरून शेणीचे तुकडे, चिपाडं, करवंट्या टाकायच्या. पाणी तापायला बराच वेळ लागायचा, पण नळीच्या तोंडाशी हात धरवत नसे इतकी धग वर यायची. आजी म्हणायची, "निम्मं सरपण आभाळाला जातं." बंबाची ती नळी डोक्यात ठेवूनच मी १८२९ सालच्या 'रॉकेट' या आगगाडीच्या इंजिनाकडे बघतो, कारण त्या इंजिनाने सोडवलेला मुख्य प्रश्न आजीच्या वाक्यातलाच होता.

रॉकेटला पुष्कळदा 'पहिलं वाफेचं रेल्वे-इंजिन' म्हटलं जातं, ते खरं नाही. रिचर्ड ट्रेव्हिथिकचं इंजिन त्याआधी पंचवीस वर्षं, २१ फेब्रुवारी १८०४ रोजी, वेल्समधल्या पेनीडॅरन इथल्या लोखंडाच्या कारखान्यापासून दहा टन लोखंड आणि सत्तर माणसं ओढत पावणेदहा मैल गेलं होतं. मात्र त्याच्या वजनाखाली बिडाचे रूळ मोडू लागले आणि मालवाहतूक पुन्हा घोड्यांकडे गेली. १८२५ साली स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावर जॉर्ज स्टीफन्सनचं 'लोकोमोशन' धावलं. तेव्हा रॉकेटला पहिलेपणाचा मान देता येत नाही. त्याचं मोल वेगळं आहे. एका कंपनीला एक मोठा निर्णय घ्यायचा होता, मतं दुभंगलेली होती, आणि तो निर्णय इंग्लंडमधल्या रेनहिल इथे, रुळांवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाला. इथे त्या निर्णयाचं प्रकरण मांडतो आहे.

प्रश्न काय होता

लिव्हरपूलच्या बंदरात कापूस उतरायचा आणि मँचेस्टरच्या गिरण्यांत सूत व्हायचा. दोन शहरांमधलं अंतर तीसेक मैल. माल कालव्यांनी आणि नदीतून जायचा. कालवेवाले भाडं मनाला येईल तसं लावतात, हिवाळ्यात पाणी गोठतं, उन्हाळ्यात आटतं, अशा व्यापाऱ्यांच्या तक्रारी होत्या. त्यातून लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे कंपनी उभी राहिली. पहिलं विधेयक १८२५ साली संसदेत पडलं, कारण मोजणीत चुका निघाल्या आणि विरोधकांच्या वकिलांनी कंपनीचा अभियंता जॉर्ज स्टीफन्सन याला भर समितीत निरुत्तर केलं. दुसऱ्या खेपेला, १८२६ साली, परवानगी मिळाली. चॅट मॉस नावाच्या दलदलीवरून मार्ग नेणं, ऑलिव्ह माउंटचा खडक फोडणं, सँकी खोऱ्यावर नऊ कमानींचा पूल बांधणं ही कामं चालू झाली.

काम निम्म्यावर आलं तरी या रुळांवर गाड्या ओढायच्या कशाने, हे ठरलेलं नव्हतं. घोडे एवढ्या मालाला पुरणार नव्हते. उरले दोन मार्ग. पहिला, ठरावीक अंतरावर वाफेची स्थिर इंजिनं बसवून दोरांनी गाड्या ओढायच्या, विहिरीवर रहाट ओढावा तशा, एका टप्प्याकडून दुसऱ्याकडे. दुसरा, इंजिनच चाकांवर चढवायचं.

आज हा प्रश्न पडावाच का, असं वाटेल. पण त्या वेळच्या शहाण्या माणसाने दोराकडे कौल दिला असता तर त्याला चूक म्हणता येत नाही. कोळशाच्या खाणींवर स्थिर इंजिनं वर्षानुवर्षं चालत होती. चाकांवरची इंजिनं संथ होती, वारंवार बिघडायची. कंपनीने जेम्स वॉकर आणि जॉन रास्ट्रिक या दोन नावाजलेल्या अभियंत्यांना पाहणीला पाठवलं. मार्च १८२९ मध्ये त्यांचा अहवाल आला: मार्गाचे सुमारे दीड-दीड मैलाचे १९ टप्पे करा, २१ स्थिर इंजिनं बसवा, चालवण्याचा खर्च त्यात कमी पडेल. आकडेमोड प्रामाणिक होती. ती त्या दिवशी उपलब्ध असलेल्या इंजिनांवर केलेली होती, इतकंच.

जॉर्जचा मुलगा रॉबर्ट स्टीफन्सन आणि त्याचा सहकारी जोसेफ लॉक यांनी अहवालाला लेखी उत्तर दिलं. त्यांचा एक मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. दोराच्या व्यवस्थेत सगळी साखळी पहिल्या दिवशीच पुरी लागते आणि एक कडी तुटली की ३१ मैल ठप्प. चाकांवरची इंजिनं गरजेप्रमाणे एकेक घेता येतात, आणि एक बंद पडलं तर दुसरं जोडता येतं. शिवाय पुढच्या वर्षी जास्त चांगलं इंजिन निघालं तर जुनं बाजूला सारता येतं. दोराच्या टप्प्यांत गुंतवलेला पैसा मात्र जमिनीत पुरलेला.

संचालकांत दोन तट होते. जेम्स क्रॉपरसारखे वजनदार संचालक जॉर्ज स्टीफन्सनच्या विरोधात होते. वादाने काही निघेना, तेव्हा एप्रिल १८२९ मध्ये कंपनीने ५०० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं.

परीक्षेच्या अटी

या अटी नीट वाचाव्यात, कारण प्रकरणाचा निम्मा निकाल त्यांतच आहे. इंजिनाने स्वतःचा धूर स्वतः जाळावा. सहा टन वजनाच्या इंजिनाने २० टन ओझं ताशी १० मैल वेगाने ओढावं. हलकं असेल तर ओझं त्या प्रमाणात कमी. वाफेचा दाब दर चौरस इंचाला ५० पौंडांवर नको. दोन सुरक्षा झडपा हव्यात आणि त्यांतली एक चालकाचा हात पोचणार नाही अशी. (त्या काळी दाब वाढवण्यासाठी चालक झडप दाबून धरत आणि बॉयलर फुटून माणसं मरत.) इंजिन स्प्रिंगांवर तोललेलं हवं. साडेचार टनांहून जड असेल तर सहा चाकं. किंमत ५५० पौंडांच्या आत.

ठिकाण लिव्हरपूलजवळचं रेनहिल, तिथला पावणेदोन मैलांचा सपाट पट्टा. त्यावर जाऊन येऊन दहा फेऱ्या, म्हणजे ३५ मैल, जवळपास लिव्हरपूल ते मँचेस्टर. मग कोळसा-पाणी भरून पुन्हा तितकंच, म्हणजे परतीचा प्रवास. बॉयलर थंड असताना सुरुवात करायची आणि वाफ धरायला किती वेळ आणि किती जळण लागलं, तेही मोजायचं. ओझं इंजिनाच्या वजनाच्या तिप्पट. नियम पक्के व्हायला स्पर्धेचे पहिले दिवस गेले, पण एकदा पक्के झाल्यावर त्यांत एका झपाट्याच्या धावेला जागा उरली नाही. रोजच्या नोकरीत इंजिन टिकेल का, एवढंच त्यांनी विचारलं.

बंबाच्या नळीचं काय झालं

रॉकेट न्यूकॅसलच्या फोर्थ स्ट्रीट कारखान्यात तयार झालं. काम रॉबर्टच्या हाताखालचं. तो तेव्हा २५ वर्षांचा, दक्षिण अमेरिकेतल्या खाणींवरून नुकताच परतलेला. बक्षिसाच्या भागीदारीत जॉर्ज आणि रॉबर्ट यांच्या जोडीला तिसरा होता हेन्री बूथ, खुद्द रेल्वे कंपनीचा खजिनदार. बॉयलरची मुख्य सूचना या बूथची.

तोवरच्या बहुतेक इंजिनांत आमच्या बंबासारखीच एक मोठी नळी बॉयलरमधून आरपार जायची. बूथने सुचवलं की एका नळीऐवजी पुष्कळ लहान नळ्या घाला. रॉकेटमध्ये तांब्याच्या २५ नळ्या बसवल्या, प्रत्येकीचा व्यास ३ इंच, लांबी बॉयलरएवढी, ६ फूट. (फ्रान्समध्ये मार्क सेगँ यालाही हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली होती.)

यातला हिशोब कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. ३ इंच व्यासाच्या २५ नळ्यांतून जितका धूर जाईल, तितकाच १५ इंच व्यासाच्या एका नळीतून जाईल. दोन्हींची पोकळी सारखीच. पण पाण्याला भिडणारा पत्रा? १५ इंची नळीचा साधारण २४ चौरस फूट, २५ नळ्यांचा जवळजवळ ११८ चौरस फूट. धूर तेवढाच, वाट तेवढीच मोकळी, आणि उष्णता पाण्याला द्यायची जागा पाचपट. आभाळाला जाणारं सरपण पाण्यात उतरलं.

आणखी एक अडचण होती. बारीक नळ्यांतून धूर सहज वाहत नाही, त्याला ओढ लागते. चूल धुमसायला लागली की आपण फुंकणी घेतो, तसं काहीतरी हवं. इथे फुंकणीचं काम वाफेनेच केलं. सिलिंडरमध्ये दट्ट्या ढकलून झाल्यावर सुटणारी वाफ नळीने धुराड्यात सोडली. ती जोरात वर निसटताना पाठोपाठ नळ्यांतला धूर ओढून घेते आणि मागे जाळीतून ताजी हवा विस्तवात शिरते. ही युक्ती ट्रेव्हिथिकच्या इंजिनातही होती, टिमोथी हॅकवर्थ या दुसऱ्या अभियंत्यानेही वापरली होती. पण २५ नळ्यांना जोडल्यावर तिचा खरा गुण दिसला. चढ लागला, ओझं वाढलं की इंजिन जास्त वाफ खातं, म्हणून जास्त वाफ धुराड्यात सुटते, म्हणून विस्तव जास्त भडकतो, म्हणून जास्त वाफ तयार होते. इंजिन जितकं राबेल तितका त्याचा विस्तव आपोआप फुलतो. जुन्या गाड्यांचा तो 'भक्-भक्' आवाज म्हणजे ही फुंकणी. तो माझ्या पिढीच्या कानांत अजून आहे.

तिसरी गोष्ट सिलिंडरची. आधीच्या बहुतेक इंजिनांत सिलिंडर उभे असायचे. उभा दट्ट्या वर-खाली धक्के देतो, आणि असं इंजिन स्प्रिंगांवर ठेवलं तर ते उड्या मारू लागतं. रॉकेटचे दोन सिलिंडर तिरपे लावून दांडा थेट पुढच्या मोठ्या चाकाला जोडला. मागची चाकं लहान, नुसती भार घ्यायला. तरफा आणि दंतचक्रांचं जंजाळ गेलं. इंजिनाचं वजन सव्वाचार टन भरलं, म्हणजे चार चाकांच्या मर्यादेत, आणि ओढायचं ओझं पावणेतेरा टन. अटी समोर ठेवून प्रत्येक भाग तोललेला होता. अंगाला पिवळा रंग आणि धुराडं पांढरं, त्यामुळे अवजड यंत्रापेक्षा घोडागाडीच्या जवळ जाणारं रूप.

ऑक्टोबरचे ते दिवस

६ ऑक्टोबर १८२९ पासून रेनहिलला जत्रा भरली. दहा हजारांहून जास्त माणसं. पाच नावं मैदानात होती, पण 'सायक्लोपेड' म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या घोड्याने फिरणारी गाडी होती, आणि 'पर्सिव्हिअरन्स' वाटेतच मोडलं आणि दुरुस्तीनंतरही जेमतेम ताशी सहा मैल चाललं. खरा सामना तिघांत.

लोकांचं लाडकं होतं लंडनहून आलेलं 'नॉव्हेल्टी'. जॉन ब्रेथवेट आणि स्वीडिश अभियंता जॉन एरिक्सन यांनी ते सात आठवड्यांच्या आत बनवलं होतं. हलकं, चकचकीत, कोळसा-पाणी अंगावरच घेऊन फिरणारं. पहिल्या दिवशी ओझ्याशिवाय ते ताशी २८ मैलांच्या आसपास सुटलं आणि बघ्यांनी मनातल्या मनात बक्षीस देऊनही टाकलं. पण त्याच्या विस्तवाला हवा भात्याने द्यावी लागे आणि आतली रचना नाजूक होती. परीक्षेच्या दिवशी नळी फुटली. दुरुस्त करून आणलं तर बॉयलरचे सांधे सुटले, आणि स्पर्धेतून माघार घ्यावी लागली.

टिमोथी हॅकवर्थच्या 'सां पारेल'बद्दल मला मनापासून हळहळ वाटते. हा माणूस स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावरची इंजिनं सांभाळायचा. दिवसभराची नोकरी करून त्याने स्वतःचं इंजिन उभं केलं. ते साडेचार टनांच्या मर्यादेहून थोडं जड भरलं, तरी पंचांनी त्याला धावू दिलं. त्याच्या बॉयलरमध्ये एकच मोठी नळी, आत जाऊन वळून परत येणारी. फुंकणी इतकी जोरदार की अर्धवट जळलेला कोक (भट्टीत भाजून केलेला कोळसा) धुराड्यातून बाहेर उडायचा. वेग चांगला होता, पण जळण फार खाल्लं. आठव्या फेरीला पंप बिघडला, बॉयलरमधलं पाणी उतरलं, शिशाचं बूच वितळलं आणि इंजिन थांबलं. एक सिलिंडरही सदोष निघाला, आणि तो ओतला होता स्टीफन्सनांच्याच कारखान्यात. त्यावरून घातपाताची कुजबूज झाली, ती आजवर पुरती विरलेली नाही. मला ती पटत नाही. त्या काळी ओतकामात पोकळ्या राहणं रोजचंच होतं, आणि ते इंजिन पंपाने आणि जळणाने हरलं होतं.

रॉकेटची पाळी ८ ऑक्टोबरला आली. थंड बॉयलरमधून तासाभराच्या आत पुरी वाफ धरली. मग पावणेतेरा टन जोडून दहा फेऱ्या, कोळसा-पाणी, पुन्हा दहा फेऱ्या. ७० मैल, मोठा बिघाड नाही. सरासरी ताशी १२ ते १४ मैल, म्हणजे अटीपेक्षा जास्त, आणि सर्वात जोरात असताना ताशी ३० मैलांच्या जवळ. परीक्षा पुरी करणारं ते एकमेव इंजिन ठरलं. रेनहिलचा सपाट पट्टा दोन चढांच्या मधोमध आहे. त्यांतल्या व्हिस्टनच्या चढावर, ९६ फुटांत एक फूट चढणाऱ्या, रॉकेट माणसांनी भरलेली गाडी घेऊन गेलं. त्या चढावर स्थिर इंजिन लागणारच असं धरून आखणी केलेली होती.

पंच कोण होते

हे कागदपत्र वाचताना मी सर्वात जास्त इथे रेंगाळलो. तीन पंचांपैकी निकोलस वुड किलिंगवर्थच्या खाणीवरचा, जॉर्ज स्टीफन्सनचा वर्षानुवर्षांचा सोबती. खजिनदार बूथ तर स्वतः स्पर्धकांच्या भागीदारीत. आजच्या कुठल्याही निविदेत यावर आक्षेप आला असता, आणि योग्यच आला असता. पण दुसरा पंच होता जॉन रास्ट्रिक, दोराच्या बाजूने अहवाल देणारा तोच रास्ट्रिक! तिसरा जॉन केनेडी, मँचेस्टरचा सूतगिरणीवाला. आपला कापूस वेळेवर पोचण्यात त्याचा स्वार्थ.

रास्ट्रिकने रेनहिलला जी वही ठेवली ती आज जपलेली आहे. प्रत्येक फेरीची वेळ, वजन, जळण, सगळे आकडे. आपलाच अहवाल खोटा पाडणारे आकडे तो स्वतःच्या हाताने टिपत होता. मला या प्रकरणात स्टीफन्सन पितापुत्रांइतकाच हा माणूस मोठा वाटतो. पंचांचे हितसंबंध दोन्ही बाजूंना होते, पण घड्याळ आणि तराजू एकच होते. भांडायला जागा राहिली नाही.

पुढे

कंपनीने लगेच त्याच धर्तीची आणखी इंजिनं मागवली. सुधारणा इतक्या झपाट्याने झाल्या की रॉकेट वर्षभरात जुनं झालं. नळ्यांची संख्या शंभराच्या पुढे गेली. 'नॉर्थम्ब्रियन'मध्ये फायरबॉक्स, म्हणजे विस्तवाची पेटी, बॉयलरच्या अंगातच आला. ऑक्टोबर १८३० मधल्या 'प्लॅनेट'चे सिलिंडर पुढच्या बाजूला, चाकांच्या आत आडवे बसले. तिरप्या सिलिंडरांमुळे रॉकेट वेगात डुलायचं, म्हणून त्याचेही सिलिंडर पुढे खाली उतरवले. बाहेरचा आकार बदलत राहिला. पुष्कळ नळ्या, फायरबॉक्स आणि वाफेची फुंकणी हे त्रिकूट मात्र वाफेच्या इंजिनांच्या अखेरपर्यंत टिकलं.

१५ सप्टेंबर १८३० रोजी मार्ग खुला झाला. त्याच दिवशी पार्कसाइडला गाड्या पाण्यासाठी थांबल्या असताना लिव्हरपूलचे खासदार विल्यम हस्किसन रुळांवर उतरले आणि समोरून येणाऱ्या रॉकेटखाली सापडून रात्री वारले. तरीही १८३१ साली चार लाखांहून जास्त माणसांनी या मार्गाने प्रवास केला. मालासाठी बांधलेला रस्ता माणसांचा झाला. रॉकेट १८३६ साली उत्तरेकडच्या एका कोळसा-मार्गाला विकलं गेलं आणि १८६२ साली लंडनच्या संग्रहालयात आलं.

दोर अगदीच गेला नाही. लिव्हरपूल शहरातल्या बोगद्यांत, एज हिलपासून खाली, गाड्या कित्येक वर्षं दोरानेच ओढल्या जात. मोकळ्या मार्गावर मात्र दोर आला नाही. व्हिस्टनच्या चढासाठी १८३१ साली 'सॅमसन' आणि 'गोलायथ' ही दोन ताकदवान इंजिनं घेतली. जड गाडी आली की ती मदतीला जोडायची.

या मार्गावरच्या न्यूटन-ली-विलोज गावी १८३० साली व्हल्कन फाउंड्री निघाली आणि पुढे रॉबर्ट स्टीफन्सन तिथे भागीदार झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला १४ डबे आणि ४०० पाहुणे घेऊन निघालेली साहिब, सिंध आणि सुलतान ही तिन्ही इंजिनं त्याच कारखान्यातली, रेनहिलपासून काही मैलांवर घडलेली. हा मार्ग बांधणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा सल्लागार अभियंता होता रॉबर्ट स्टीफन्सन, आणि मुंबईत काम बघणारा मुख्य अभियंता जेम्स बर्कली त्याचाच शिष्य. हा मार्ग घाटावर नेण्याची घाईही मँचेस्टरच्या गिरण्यांना दख्खनचा आणि वऱ्हाडचा कापूस हवा म्हणूनच होती. बर्कलीला बोरघाट चढायचा होता, ३७ फुटांत एक फूट, व्हिस्टनच्या अडीचपटीहून जास्त उभा. १८६३ साली तो मार्ग खुला झाला, आणि गाड्या इंजिनांनीच चढल्या.

कर्जतला गाडी आजही जरा जास्त थांबते. वडापाववाले खिडक्यांशी येतात, मागून जोडल्या जाणाऱ्या इंजिनाचा एक हलकासा धक्का बसतो, आणि डब्यातला कुणीतरी जाणता प्रवासी म्हणतो, "बँकर लागला." सॅमसन आणि गोलायथ व्हिस्टनला हेच काम करत होते.